सातवं नाव

भय्याजी कापगते आमच्या खदानीत नेमके कोणत्या कामावर होते, हे मला आजही एका शब्दात सांगता येणार नाही. मी त्याच ऑफिसात मस्टर लिहायचो, त्यांच्या टेबलापासून चार हातांवर बसायचो, तरी येत नाही. कागदावर ते 'कल्याण सहायक' होते. मॅनेजरसाहेब त्यांच्या माघारी त्यांना पंचायती मास्तर म्हणत. कामगार गुरुजी म्हणत, कारण साकोलीकडच्या एकोडीला ते आठ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून आले होते. आता शहरातल्या कंपन्यांमध्ये हे काम करायला कोट घातलेली माणसं असतात म्हणे. माणसाच्या अंगात काय आहे ते हुडकायचं, त्याला त्या कामापर्यंत न्यायचं, आणि नेताना त्याचं घरदार सांभाळून न्यायचं. भय्याजी हे सगळं धोतर आणि सदऱ्यावर करत, आणि वर शिव्या खात.

तुमसरहून चिखल्याकडे जाताना रस्त्याच्या डाव्या हाताला तेव्हा एक लहानशी खाजगी खदान होती. मॅंगनीजची, उघडी. आज तिथं नुसतं पाणी साचलेलं आहे आणि तिचं नाव कुणाच्या लक्षात नाही, त्यामुळे मीही ते सांगत बसत नाही. भय्याजी तिथं आले बाहत्तर साली. मालकाचा कुणी नातेवाईक एकोडीला त्यांच्या हाताखाली शिकला होता, त्याच्या ओळखीनं आले. घरी तलावाखालची धानाची शेती होती, खायला कमी नव्हतं. तरी माणूस इतक्या लांब कशाला आला, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले की पोरांना शिकवून कंटाळलो, आता पोरांच्या बापांना शिकवून पाहतो.

त्यांच्याकडे एक जाड पुठ्ठ्याची वही होती. प्रत्येक कामगाराला समोरासमोरची दोन पानं. डाव्या पानावर वर लिहिलेलं असे 'घर', उजव्यावर 'काम'. महिन्यातून एकदा ते प्रत्येकाशी बोलत. ऑफिसात बोलावून नाही, तो जिथं बसला असेल तिथं जाऊन. घरी काय सुरू आहे ते डाव्या पानावर, हाताला काय जमतं आणि पुढं काय करावंसं वाटतं ते उजव्या पानावर. दोन्ही पानं एकत्र वाचल्याशिवाय माणूस कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांची थट्टा करायचो. म्हणायचो, भय्याजी, ही खदान आहे, सोयरीक जुळवायचं ऑफिस नाही. ते हसायचे आणि लिहीत राहायचे.

पण केवळरामचं झालं तेव्हा माझं तोंड बंद झालं. केवळराम गाडी भरायच्या कामावर होता. दारू प्यायचा, आठवड्यात दोन दिवस गैरहजर. साहेबांनी त्याचं नाव कापायला सांगितलं होतं, मी पेन उचललंही होतं. भय्याजींनी आठ दिवस मागून घेतले. वस्तीवर जाऊन आले तर कळलं, की हा गडी रिकाम्या वेळात सगळ्यांच्या सायकली दुरुस्त करतो, आणि बायको मुलाला घेऊन माहेरी गेल्यापासून पितो. भय्याजी आधी त्याच्या सासुरवाडीला गेले. बायको परत आली, त्यानंतर त्याला कम्प्रेसरवर मदतनीस म्हणून लावलं. दीड वर्षात केवळराम कम्प्रेसर एकट्यानं चालवायला लागला. कुठं नट ढिला झाला ते त्याला आवाजावरून कळायचं. साहेब म्हणाले, नशीब. भय्याजींनी वहीत काय लिहिलं ते मला माहीत नाही, पण त्या दिवशी त्यांनी अख्ख्या ऑफिसला स्वतःच्या हातानं चहा करून पाजला.

पंचफुला आमच्याकडे छटाईला होती. पुरुष सुरुंगासाठी दगडात भोकं पाडत, फुटलेला माल वर येई, आणि बायका हातोडीनं फोडून चांगला काळा माल एकीकडं, हलका एकीकडं करत. पंचफुलाला फोडावं लागायचं नाही. ती ढेकूळ हातात घ्यायची, जरा तोलायची आणि टाकायची. नागपूरच्या प्रयोगशाळेतून रिपोर्ट यायचा तेव्हा तिचा ढीग कधी चुकलेला नसायचा. शिवाय तिचा आवाज खणखणीत. एकदा बांधाजवळ साप निघाला तर तिनं वरून हाक मारली आणि खदानीच्या तळातल्या बायका वर आल्या. भय्याजींनी ते पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात बसलं, की हिला मुकादम करायचं.

तोवर बाई मुकादम आमच्याकडे झाली नव्हती. साहेब हसले. तिची सासू गिरजाबाई तर भय्याजींना दारातूनच परत पाठवायला निघाली. सुनेनं पुरुषांवर हुकूम चालवायचा म्हणजे काय, असं तिचं म्हणणं, आणि त्या पुरुषांत तिचा मुलगाही होता. तुलाराम, पंचफुलाचा नवरा, जिची ती मुकादम होणार होती त्याच टोळीत ड्रिलवर होता. उंच, कमी बोलणारा गडी. भय्याजी चार वेळा त्या घरी गेले. चौथ्या वेळी तुलाराम आईला म्हणाला, की हिले येते तं करू दे, मले काई कमीपना नाही. एवढं मोठं वाक्य त्यानं त्याआधी कधी बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

मुकादमाला वाचता यायला पाहिजे होतं. सुटी झाली की पंचफुला ऑफिसच्या पडवीत येऊन बसायची, शेजारी तिची धाकटी मुलगी, आणि भय्याजी तिला मस्टरवरूनच शिकवायचे. क, ख, ग नाही. टोळीतली बावीस नावं हेच तिचं पहिलं पुस्तक. सहा महिन्यांत ती बोट ठेवून नावं वाचायला लागली. पहिलं, दुसरं, करत सहावं. सातव्यावर थांबायची. सातवं नाव तुलाराम होतं.

आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. त्यानं नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. पंचफुला वाचायला शिकली तरी ते तिच्या जिभेवर येईना. सातव्या नावाशी आली की मान खाली घालायची, पदर पुढं ओढायची आणि बोट आठव्यावर न्यायची.

आता हे नाव वाचणं म्हणजे काही नुसती हजेरी नव्हती. दुपारच्या जेवणाच्या वेळी आमच्याकडे सुरुंग उडायचा. त्याआधी मोहाच्या झाडाला टांगलेला रुळाचा तुकडा बडवायचे, सगळे वर येऊन झाडाखाली उभे राहायचे, आणि मुकादम यादी वाचायचा. प्रत्येकानं हाजीर म्हणायचं. बावीस हाजीर झाले की मुकादम हिरवी झेंडी दाखवायचा आणि पलीकडच्या आडोशात बसलेला ब्लास्टर मशीनची किल्ली फिरवायचा. खाली कुणी राहिलं नाही, याची खात्री तेवढीच.

मी भय्याजींना म्हणालो, तिच्याकडून म्हणवून घ्या. एकदा जीभ वळली की झालं. नाहीतर उखाण्यात घेऊ द्या.

"सुरुंगाआधी उखाणा?" भय्याजी हसले. मग गंभीर झाले. "ताराचंदभाऊ, तिले मुकादम करायचं आहे म्हणून तिच्यातली बाई मोडायची नाही. दोनी पानं संग संग चालली पाहिजेत."

त्यांनी तोड काढली. सातव्या नावाशी पंचफुलानं नुसतं थांबायचं. ती थांबली की तुलारामनं आपण होऊन हाजीर म्हणायचं. सगळ्यांना पसंत पडलं. गिरजाबाईलासुद्धा. भय्याजींनी वहीच्या डाव्या पानावर लिहिलं, 'नवऱ्याचं नाव घेत नाही. आग्रह करू नये.' आणि उजव्या पानावर, 'मस्टर वाचन : एक नाव बाकी.' हे मी तेव्हाच पाहिलं होतं, कारण त्यांनी ते मला मोठ्या कौतुकानं दाखवलं होतं.

सत्त्याहत्तरच्या पोळ्यानंतर पंचफुला मुकादम झाली. पहिल्या दिवशी तिनं यादी वाचली तेव्हा भय्याजी माझ्या शेजारी उभे होते. ओठ हलवत तिच्याबरोबर ते नावं म्हणत होते. सहावं झालं. ती थांबली, पदर ओढला, मान खाली. तुलाराम मागून हळूच म्हणाला, हाजीर. टोळीत हसू फुटलं. भय्याजींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते मी कुणाला सांगू नये म्हणून त्यांनी माझा दंड दाबला.

तिचं थांबणं हळूहळू आमच्या दिवसातली मजेची जागा झाली. महिना-दोन महिन्यांत कुणीतरी तुलारामच्या आधीच हाजीर ओरडलं. मग दोघांनी ओरडलं. दिवाळीपर्यंत असं झालं, की पंचफुला थांबली की अख्खी टोळी एका सुरात 'हाजीर' म्हणायची, बायका हसायच्या, तुलाराम लाजायचा, आणि ती मान वर न करता हसू दाबत आठवं नाव घ्यायची. इतकं कष्टाचं काम, दिवसभर धूळ खायची, तेवढाच एक क्षण गोड. तपासणीला आलेला एक साहेबसुद्धा हसून गेला. भय्याजींना तर ते फार आवडायचं. टोळी एकजीव झाली, असं ते म्हणायचे. मीही ओरडायचो. ऑफिसातून उठून त्या वेळी मुद्दाम झाडाखाली जायचो. हे मला लिहायलाच पाहिजे.

अठ्ठ्याहत्तरच्या माघातली गोष्ट. रूळ बडवला, सगळे वर आले. तुलारामही आला होता. वर आल्यावर त्याच्या लक्षात आलं, की शिदोरीचं फडकं खाली दगडामागं राहिलं. सुरुंग उडाला असता तर भाकरी मातीत गेली असती. तो परत खाली गेला. जाताना कम्प्रेसरच्या शेडजवळ केवळरामनं त्याला हटकलं. केवळराम आता टोळीत नव्हता, यादीसाठी तो झाडाखाली येत नसे. तुलाराम त्याला म्हणाला, "माह्या हाजीरशिवाय झेंडी हालते का? तिले थांबाच लागते माह्यासाठी."

झाडाखाली पंचफुलानं यादी सुरू केली. सहावं नाव झालं. ती थांबली. तिनं पदर ओढला आणि मान खाली घातली. आणि आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, हाजीर.

तिनं मान वर केली नाही. कशी करेल? चारचौघांत त्या क्षणी नवऱ्याकडं पाहायचं नाही, म्हणून तर ती मान खाली होती. आठवं नाव घेतलं. बाविसावं घेतलं. हिरवी झेंडी दाखवली.

धूळ बसल्यावर जेवायला बसताना तिनं त्याला शोधलं. बायकांमध्ये बसत असली तरी फडकं सोडायच्या आधी एकदा पुरुषांच्या बाजूला पाहायची तिची सवय होती. मग ती उभी राहिली. तिला हाक मारायची होती. तोंड उघडलेलं मी पाहिलं. पण हाक कोणत्या नावानं मारणार? मुलीचं नाव घेऊन, तिचे बाबा कुठं आहेत, असं ती ओरडायला लागली. त्याच वेळी केवळराम शेडकडून पळत आला.

पुढचं मी लिहीत नाही.

चौकशी बसली. कंपनीला कागदावर एवढंच हवं होतं, की मजूर स्वतःच्या चुकीनं खाली गेला. तसं ते खोटंही नव्हतं. भय्याजींनी मात्र साहेबांच्या समोर उभं राहून सांगितलं, की नाव न घेण्याची सोय मी केली, त्या सोयीची चेष्टा झाली ती मी पाहिली आणि थांबवली नाही, लिहायचं तर माझं नाव लिहा. चौकशीच्या साहेबांनी त्यांना बसायला सांगितलं. मी काही बोललो नाही. मी पण ओरडलो होतो, एवढंसुद्धा बोललो नाही. टोळीतल्या उरलेल्यांपैकीही कुणीच बोललं नाही.

मग पंचफुलाला आत बोलावलं. ती दारात उभी राहिली, कपाळ उघडं. साहेब चांगले होते, त्यांनी हळू आवाजात विचारलं. आधी तिचं नाव, मग मयताचं नाव. कारकून आमच्याकडचाच, तो म्हणाला, राहू द्या, मी लिहितो. पंचफुलानं त्याला हातानं थांबवलं.

"तुलाराम," ती म्हणाली. तोच खणखणीत आवाज, ज्यानं खदानीच्या तळातल्या बायका वर आल्या होत्या. "तुलाराम. मले येत होतं."

भय्याजी उठले आणि बाहेर गेले. मी मागं गेलो तेव्हा ते पडवीत, ती जिथं शिकायला बसायची तिथं बसले होते, आणि हुंदके देऊन रडत होते. पन्नाशीचा माणूस असा रडताना मी तोवर पाहिला नव्हता. मला त्यांच्या शेजारी बसायला पाहिजे होतं. मी पाणी आणायला म्हणून निघून गेलो.

पंधरा दिवसांत त्यांनी नोकरी सोडली आणि एकोडीला गेले. कंपनीनं पत्र्याचे नंबर कोरलेले बिल्ले आणले. खाली जाताना खिळ्यावरून काढायचा, वर आलं की परत अडकवायचा. इतकी साधी गोष्ट. आधी कुणाला सुचली नाही, मला मस्टर लिहिणाऱ्यालाही नाही.

मधल्या वर्षांत मी दोनदा एकोडीला गेलो. भय्याजी धानाच्या बांधीत राबत असायचे, पाठ वाकलेली. गावातले लोक मुलाला कुठं धाडावं, जावयाला काय सांगावं, हे विचारायला यायचे, तर हात जोडून परत पाठवायचे. म्हणायचे, मले माणूस समजत नाही, भाऊ. त्यांची बायको कुंताबाई मला आत बोलावून सांगायची, की रोज सकाळी ती वही काढतात, पुसतात आणि न उघडता ठेवून देतात.

दुसऱ्यांदा गेलो ते चौऱ्याऐंशी साली. त्यांनी विचारायच्या आधीच मी सांगितलं, की पंचफुला अजून मुकादम आहे. बिल्ले आले तरी ती यादी वाचते. साहेबांनी बंद करायला सांगितलं होतं, तिनं ऐकलं नाही. आणि त्या घटनेनंतरच्या पहिल्या महिन्यात मी नवं मस्टर लिहिलं, सातव्या जागी दुसऱ्या माणसाचं नाव घातलं, तर ती माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, इथलं नाव कुठं गेलं. तेव्हापासून तिच्या हातात जो कागद जातो त्यावर दर महिन्याला मी सातव्या जागी तुलाराम लिहितो. ऑफिसच्या मस्टरवर नाही, फक्त तिच्या कागदावर.

 भय्याजी म्हणाले, मले एक डाव ऐकाचं आहे.

आम्ही दुसऱ्या दिवशी तुमसरच्या गाडीनं आलो. दुपारी मोहाच्या झाडापासून जरा लांब उभे राहिलो. रूळ बडवला. टोळीत आता बरीच नवी माणसं होती. पंचफुलाचे केस पांढरे झाले होते. तिनं सहा नावं घेतली, सहा हाजीर आले. मग मान वर करून, खदानीकडं पाहत, तिनं सातवं नाव घेतलं.

"तुलाराम."

कुणी बोललं नाही. तिनं समोरच्या एकेका चेहऱ्याकडं पाहिलं, बिल्ल्यांच्या खिळ्यांकडं पाहिलं, खाली तळाकडं पाहिलं. भय्याजींनी माझा दंड धरला होता. मग तिनं आठवं नाव घेतलं.

सुरुंग उडाल्यावर भय्याजी तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. वाकून तिच्या पायाला हात लावायला निघाले, तेव्हा ती मागं सरली आणि म्हणाली, असं करू नका गुरुजी, पाप लागते. भय्याजी म्हणाले, मी तुझा गुन्हेगार आहे.  तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच ऐकवेना.

"तुमी माहं मन राखलं, गुरुजी. मी नाव राखलं. त्याइले कोनीच नाही राखलं."

मग तिनं मुलीची खुशाली सांगितली, ती आता तुमसरला दहावीत आहे म्हणाली, कुंताबाईंना नमस्कार सांगायला सांगितलं आणि ढिगाकडं निघून गेली.

फाट्यावर गाडीची वाट पाहत आम्ही बसलो. भय्याजींनी पिशवीतून ती वही काढली. सहा वर्षांत पहिल्यांदा उघडत होते बहुतेक, पानं एकमेकांना चिकटली होती. माझ्याकडं पेन मागितलं. पंचफुलाचं उजवं पान काढलं. तिथं त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, 'मस्टर वाचन : एक नाव बाकी.' त्यांनी 'एक नाव बाकी' खोडलं आणि पुढं लिहिलं, 'पूर्ण.'

पेनाला टोपण त्यांच्यानं लागेना. ते मी त्यांच्या हातातून घेतलं आणि लावलं.